मागचं पान

आमच्या वरच्या मजल्यावर आता शनिवार-रविवारपुरते पाहुणे उतरतात. मालकांनी खोलीला रंग दिला, गॅलरीत झोपाळा टांगला आणि भाडं असं ठेवलं की लोणावळ्याच्या माणसाला तिथं राहण्याची इच्छाच होऊ नये. पाहुणे तसे भले असतात. उशिरा उठतात, जिन्यात भेटले तर पॉइंटचा रस्ता विचारतात, जाताना चिक्कीची पुडकी विसरून जातात. त्यांचं काहीच चुकत नाही. तरी पहाटे वर काही हालत नाही, खुर्ची सरकत नाही, घसा साफ करून कोणी मोठ्यानं वाचायला लागत नाही, तेव्हा मला त्या बिचाऱ्यांचा उगाचच राग येतो. त्या खोलीत सगुणासिस्टर राहायच्या.

सगुणाबाई साळवी. नर्सची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना कोणी सगुणाबाई म्हटलेलं मी ऐकलं नाही. भाजीवालीपासून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर. उंच, हाडापेरानं दणकट, आवाज असा की तळमजल्यावरचं मांजर दचकावं. घड्याळ कायम मनगटाच्या आतल्या बाजूला. गप्पा मारताना त्यांनी तुमचा हात हातात घेतला की बोटं आपोआप नाडीवर जायची आणि बोलता बोलता मध्येच निदान व्हायचं, "तू जेवलेली नाहीस." खोटं बोलायची सोय नव्हती.

मी जन्मानं ख्रिस्ती. म्हणजे नाताळला करंज्या, ईस्टरला नवी साडी, आणि मधल्या काळात देव आणि मी एकमेकांना फारसा त्रास देत नसू. वडगावच्या कोर्टात मी कारकून. दिवसभर कागद वाचून आल्यावर घरी पवित्र शास्त्र उघडायचं म्हणजे आणखी एक फाइल उघडल्यासारखं वाटायचं. रोज वाचायचं असं मी दर नव्या वर्षी ठरवायचे आणि मग कोर्टासारखीच पुढची तारीख देत राहायचे.

एका वर्षी चर्चमध्ये सगळ्यांना एक छापील तक्ता मिळाला. रोज इतकं वाचा, म्हणजे वर्षभरात अख्खं शास्त्र वाचून होईल. मी पहिला महिना जोरात ओढला आणि दुसऱ्या महिन्यात, होमबलींच्या नियमांपाशी, माझी गाडी रुतली. मग एका रविवारी जिन्यात बसून मी राहिलेली पानं भराभर उरकत होते, तेवढ्यात सिस्टर वरून उतरल्या.

"काय गं मंजू, लोकल पकडायची आहे?"

"मागे पडलेय सिस्टर. भरून काढतेय."

त्यांनी तक्ता माझ्या हातातून काढून घेतला, चष्म्यातून वर-खाली पाहिला आणि घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकला. "महिन्याच्या गोळ्या एका दमात घेतेस होय? उलटी होईल. उद्यापासून पाच ओळी. सकाळी, चहाच्या आधी. आणि मोठ्यानं."

"मोठ्यानं कशाला?"

"मनात वाचलं की नको असलेली ओळ डोळा हळूच ओलांडून जातो. जिभेला ते जमत नाही."

असं माझं वाचन सुरू झालं. वर त्यांची खुर्ची सरकली की खाली मी उठायचे. वरून त्यांचा आवाज यायचा, खाली मी पुटपुटायचे. झोप आली, मन लागलं नाही, असं काही सांगायला गेलं की त्या म्हणायच्या, "पेशंटला रोज गोडी लागत नाही. डोस चुकवायचा नाही, बस." पहिल्या पावसाळ्यात माझं पुस्तक ओलीनं फुगलं तर त्यांनीच शिकवलं, पोळ्या झाल्या की तवा उतरवायचा आणि शेगडीच्या कडेला पुस्तक उभं ठेवायचं. त्यांच्या पुस्तकाला त्यामुळे कायम पोळीचा वास असे. खुणेला त्यात बँडेजच्या कापडाची पट्टी.

पण त्यांचा खरा नियम मला उशिरा कळला. काल काय वाचलंस, असं त्या कधीच विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "काल केलंस काय?" वाचलेल्या ओळींनी काही करायला सांगितलं असेल, तर ते केल्याशिवाय पान उलटायचं नाही. "डॉक्टरची चिठ्ठी वाचून कुणाचा ताप उतरलाय?" असं त्यांचं म्हणणं. या हिशेबानं त्या पहिल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या पहिल्या चरित्रात, काही वर्षं मुक्काम ठोकून होत्या. पाळकसाहेब एकदा थट्टेनं म्हणाले, "सिस्टर, शेवटच्या पानावर कधी पोचणार?" सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही पोचला आहात ना, तिथं कसं काय आहे ते सांगा की." पाळकसाहेब हसले खरे, पण पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

या नियमापायी गावाची बरीच करमणूक झाली. देवापुढे दान ठेवताना आठवलं की कोणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेवून आधी त्या माणसाकडे जावं, अशा अर्थाच्या ओळींपाशी त्या आल्या. नेमकं त्याच आठवड्यात त्यांनी बाजारात भाजीवाल्या कमळामावशीला चार गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं. असली मेथी तुझ्या घरची खातात का, वगैरे. सिस्टर झापायच्या तेव्हा हात राखून झापायच्या नाहीत. वॉर्डात तीस खाटांना ऐकू जाईल असं बोलायची सवय. रविवारी उपासनेत दानाची थैली आमच्या बाकापाशी आली. सिस्टरांनी नोट काढली, हात थैलीपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. मग उठल्या आणि तशाच भर पावसात चालत्या झाल्या. थैलीवाले आजोबा कितीतरी वेळ त्यांच्या रिकाम्या जागेपुढे थैली धरून उभे.

पाळकसाहेबांनी शेवटचं गीत दोनदा गायला लावलं. दुसऱ्यांदा संपत आलं तेव्हा सिस्टर परत आल्या. पदर निथळतोय, एका हातात नोट, दुसऱ्या हातात मेथीची जुडी. कमळामावशी म्हणे त्यांना म्हणाली, "सिस्टर, म्या तर कवाच इसरले. पन आलाच हाय तर भाजी घिऊन जा, आज लय ताजी हाय." नोट थैलीत पडली आणि दुसऱ्या दिवशी पान उलटलं.

पुढे कोणी एक कोस चालायला लावलं तर दोन कोस जावं, अशी ओळ आली. तिचा फटका एका नव्या जोडप्याला बसला. त्यांनी बिचाऱ्यांनी स्टेशनपाशी धरणाचा रस्ता विचारला होता. सिस्टर त्यांना धरणापर्यंत घेऊन गेल्या आणि तिथं निरोप न घेता पुढच्या वळणापर्यंतही गेल्या. त्या मुलीला चप्पल चावत होती, मुलाला एकांत हवा होता, आणि मध्ये सिस्टर, दोघांना लसीकरणाचं महत्त्व सांगताहेत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "फार गुणी पोरं. शेवटी शेवटी बोलतच नव्हती, इतकं ऐकत होती." मी हसू दाबून त्यांच्याकडे पाहत राहिले.

मग एका सकाळी वरचा आवाज मध्येच तुटला. मला वाटलं ठसका लागला असेल. दुसऱ्या दिवशी त्याच ओळी पुन्हा ऐकू आल्या आणि त्याच ठिकाणी तुटल्या. येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना ती. आमच्यात लेकरू बोलायला लागलं की आई तीच आधी पाठ करून घेते. दर रविवारी सगळी मंडळी उभी राहून ती एका सुरात म्हणते. तिच्यात क्षमेची एक ओळ आहे. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली आहे, तशी तू आम्हांला कर, असा तिचा भाव. त्या रविवारी मी सिस्टरांच्या शेजारी उभी होते. प्रार्थना त्या ओळीपाशी आली आणि सिस्टर गप्प झाल्या. इतका मोठा आवाज एकाएकी बंद झाला की समोरच्या बाकावरच्या बायकांनी मागे वळून पाहिलं. ओळ गेली, आणि सिस्टरांनी पुढचं पुन्हा धरलं.

असं महिनोन् महिने चाललं. पाऊस सरला, थंडी आली. प्रभुभोजनाच्या दिवशी सगळे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे गेले तेव्हा त्या बाकावरून उठल्या नाहीत. शेवटी मी वर जाऊन विचारलंच.

त्यांनी मला समोर बसवलं. मग म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी नव्हते, माहीत आहे तुला?"

त्यांचं माहेर तिकोणा पेठेच्या अलीकडच्या एका वस्तीवर. ख्रिस्ती घर तेवढं एकच. आईजवळ धाकटा भाऊ होता, दानिएल. त्याला सगळे दानू म्हणत. लग्न केलं नव्हतं. थोडी भातशेती, दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेली आई. आईचं शेवटचं दुखणं आठवडाभर चाललं, पण दानूनं बहिणीला फोन केला नाही. केला तो सगळं संपल्यावर. सिस्टर पोचल्या तेव्हा मातीसुद्धा होऊन गेली होती.

"किती परक्या माणसांचे डोळे मिटले मी ह्या हातांनी," त्या म्हणाल्या. "आणि आईच्या तोंडात पाणी घालायला मला बोलवू नये त्यानं? फोन होता त्याच्याकडे. त्या दिवसापासून मी त्याचं तोंड बघितलं न्हाई." त्यांच्या बोलण्यात गावचं 'न्हाई' फक्त असं मन भरून आल्यावरच यायचं.

मी सुचवलं, ती ओळ सोडून पुढचं वाचा, मग सावकाश मागे या. त्या एकदम उसळल्या. "ह्या खाटेवरची जखम चिघळलीय, म्हणून पुढच्या खाटेकडे जाऊ?" मग आवाज खाली आला. "इतकी वर्षं ती ओळ मी पाठ म्हणत होते, मंजू. वाचली नव्हती. आता वाचली तर गिळवत नाही. आणि ह्या पानावर मरायचं नाही मला."

फेब्रुवारीच्या एका शनिवारी त्या सकाळीच खाली आल्या, चप्पल घालून. "चल. कामशेतला उतरून पवनानगरची गाडी मिळते." मी मुकाट्यानं निघाले. लोकलमध्ये त्या एकच वाक्य ओठांतल्या ओठांत घोकत होत्या, "दानू, मी तुला माफ केलं." इंजेक्शनची सुई काढावी आणि टोचून मोकळं व्हावं, अशी त्यांची तयारी. मला मनातून वाटत होतं, असं माफ करून घ्यायला त्या दानूला तरी आवडेल का. पण सिस्टरांपुढे बोलायची माझी छाती नव्हती.

दानूभाऊ ओट्यावर बसले होते. बहिणीसारखेच उंच, पण वाळून गेलेले. एक पाय पुढे पसरलेला, त्याला मळकट फडकं गुंडाळलेलं. बहिणीला पाहून ते उठायला गेले, पण त्यांना उठवेना. सिस्टर अंगणातच थांबल्या आणि पाठ केलेलं वाक्य बोलून टाकलं.

दानूभाऊंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "कशापायी गं आक्का?"

"कशापायी? आई गेली तवा मला सांगितलं न्हाईस म्हणून."

"न्हाई सांगितलं. का, ते इचारलंस कदी?"

सिस्टरांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"त्याच्या आदल्या नाताळाला तू आलतीस," दानूभाऊ म्हणाले. आवाज चढवला नव्हता. म्हशीची धार काढताना बोलावं तसं शांत बोलत होते. "आयच्या अंगावरची चादर वर केलीस. पाटीला जखम हुती. शेजारची समदी मानसं दारात हुबी, नाताळाचं फराळ घ्यायला आलेली. त्यांच्याम्होरं तू मला म्हनलीस, गोठ्यातल्या म्हशीला तरी लोक बरं ठेवत्यात. आठ वरसं मी तिचं हागनं-मुतनं काढत हुतो, आक्का. एकट्यानं. कूस बदलायला रातीला तीनदा उटायचो. तरी पाट फुटली. मला काय कळत न्हवतं व्हय, फुटलीय ते?"

"असं म्हणाले मी?"

"म्हनलीस. मग आय लय आजारी पडली, तवा फोन हातात घ्यायचो आन् ठिवायचो. म्हनलं, ही येईल आन् पुन्यांदा समद्यांम्होरं बोलल. माजंबी चुकलंच. पन तू मला माफ केलंस म्हनतीस, तर मी तुला केलंय का, ते कोन इचारनार?"

सिस्टर ओट्यावर जाऊन त्यांच्या पायाशी बसतील, रडतील, असं मला वाटलं. त्यातलं काहीच झालं नाही. त्या नळाकडे वळल्या आणि हात धुवायला लागल्या. बराच वेळ धूत राहिल्या. मी साबण द्यायला जवळ गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंजू, मी वाचण्यात चुकले गं. मी पुढच्या पानावर अडले, अडले म्हणून बसले. अडले होते मागच्याच पानावर. दान ठेवून आधी ज्याच्याकडे जायचं, तो हा होता. मी ते पान मेथीच्या जुडीवर भागवलं."

मग त्या ओट्यावर आल्या. दानूभाऊंच्या समोर जमिनीवर बसून म्हणाल्या, "ते मी बोलायला नको होतं. तू आईचं केलंस तेवढं मला नसतं झालं." सिस्टरांनी पायाचं फडकं सोडलं. साखरेच्या दुखण्यानं चिघळलेली जखम होती, वास येत होता. दानूभाऊंनी संकोचानं पाय मागे घेतला. सिस्टरांनी तो पुन्हा पुढे ओढला. मला म्हणाल्या, "पवनानगरात औषधाचं दुकान आहे, लिहून घे." संध्याकाळच्या गाडीला मी एकटीच बसले. "पट्टी रोज बदलावी लागेल," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या खोलीला कुलूप लाव."

ते कुलूप त्यांनी पुन्हा उघडलं ते फक्त कपडे आणि भांडी न्यायला. मी त्यांना परत चला म्हणायचे, चर्चमधले लोकही म्हणायचे. मला तर त्या हव्याच होत्या. सकाळी खाली बसून एकटीनं वाचताना माझा आवाज मलाच परका वाटायचा. दर महिन्या-दीड महिन्यानं मी जाऊन यायचे. भाऊ-बहीण फार बोलत नसत. भांडतही असत, चुलीत ओलं लाकूड घातलं म्हणून, गोळी चुकवली म्हणून. पण बाहेरचं कोणी आलं की सिस्टर चटकन आवाज खाली आणायच्या. त्या हळू बोलताहेत हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं ऐकलं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर एका सकाळी मला फोन आला. दानूभाऊ बोलत होते. "बाई, आक्काचं लक्षान ठीक न्हाई. डाक्टरला सांगावा धाडलाय. तुमी लगोलग या. तिला तुमी हव्या आसाल." मी पोचले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. दानूभाऊ उशाशी बसून होते आणि हातात पाण्याची वाटी तशीच धरलेली होती. मला त्यांनी वेळेवर बोलावलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. ते ऐकून मान हलवत राहिले.

पण सिस्टर डोळ्यांपुढे येतात त्या अशा निजलेल्या नाहीत. येतात त्या त्याआधीच्या माझ्या भेटीतल्या. दुपारची वेळ होती. तिकोण्याच्या माथ्यावर ढग होते आणि खाली भात पोटऱ्यात आलेला. दानूभाऊंची पट्टी बदलून झाली, जखम भरत आली होती. सिस्टरांनी पुस्तक उघडलं नाही. म्हणाल्या, "आज नुसती प्रार्थना म्हणू. मंजूची गाडी आहे." आम्ही तिघं ओट्यावर बसूनच म्हणायला लागलो. दानूभाऊंना ती आईनं शिकवलेली, तिच्या चालीवर पाठ होती. क्षमेची ओळ आली. सिस्टरांनी ती म्हटली. हळू, पण सबंध म्हटली. किती दिवस मला ती त्यांच्या तोंडून ऐकायची होती. आणि माझ्या लक्षात आलं की दानूभाऊंचा आवाज थांबला आहे.

ते खाली बघत होते. ओठ मिटलेले. सिस्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याही थांबल्या. पुढची ओळ घेतली नाही, त्यांना खूण केली नाही, घसासुद्धा साफ केला नाही. आयुष्यभर सगळ्यांना घाई करणारी ती बाई भावाच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. ती चुकली असती तर दुसरी गाडी नव्हती, म्हणून मी पिशवी उचलून पावलं न वाजवता उतरले. बांधावरून वळून पाहिलं. दोघं तशीच बसली होती, आणि आमेन अजून व्हायचं होतं.